आधी काटा, मग करवत

शिकारीची रायफल हलकी करायची म्हणून तू थेट बॅरल, म्हणजे नळीच, कापायला निघालास, म्हणून लिहितोय. थांब जरा. रायफल रिकामी आहे ना बघ, सुटी कर आणि एकेक भाग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेव. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणामागे 3,000 मीटरवर चढायचं तर अर्धा किलोही खांद्याला कळतो, खरंय. पण तो बहुधा नेमाच्या दुर्बिणीत आणि दस्त्यात (खांद्याला टेकतो त्या भागात) दडलेला असतो. 56 मिमी भिंगाची धिप्पाड दुर्बीण काढून साधी 40 मिमीची लाव, लाकडी दस्त्याच्या जागी कार्बन फायबरचा. निम्मं काम तिथेच होतं.

बारीक बॅरलचं तोंड इंचभर कापून सुटतात जेमतेम 25-30 ग्रॅम, वर गोळीचा वेग घटतो आणि कानठळ्या बसतात त्या वेगळ्याच. बोल्टच्या लग्जना (गोळी झाडताना बोल्ट अडकवून ठेवणाऱ्या दातांना) आणि रिसीव्हरला (बोल्ट नि बॅरल बसतात त्या सांगाड्याला) तर कानस लावूच नकोस; तिथे गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचा कारागीरही दहादा विचार करतो.

आणि .300 विन्चेस्टर मॅग्नम या जोरदार काडतुसाची रायफल अडीच किलोवर आणलीस तर धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतील. मी तीन हंगाम ते सोसलं, मग गुमान 7एमएम-08 या सौम्य काडतुसाची रायफल घेतली.