क्वालालंपूरच्या चार दिवसांतून पुत्रजयासाठी वेळ काढावा का?

क्वालालंपूरच्या चार दिवसांच्या मुक्कामातून पुत्रजया या नव्याने वसवलेल्या शहरासाठी एक दिवस काढावा का, की तेथे सरकारी इमारतींखेरीज पाहण्यासारखे काही नाही, असे आपण विचारले आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील असल्याचेही लिहिले आहे. माझे उत्तर असे, की जरूर जावे. मात्र पूर्ण दिवस देऊ नये, सुट्टीच्या दिवशी जाऊ नये आणि दुपारी तीनच्या आत तेथे पोहोचू नये. मी दोन वेळा गेलो आहे, २००९ मध्ये आणि २०२३ मध्ये, आणि पहिल्या खेपेस या तिन्ही चुका केल्या होत्या.

आधी हे शहर कशासाठी उभे राहिले ते थोडक्यात सांगतो, कारण ते ठाऊक नसेल तर तेथील रुंद रस्त्यांचा आणि अवाढव्य कचेऱ्यांचा उलगडाच होत नाही. क्वालालंपूरमधील वाहतूक आणि जागेची टंचाई असह्य होऊ लागल्यावर महाथिर मोहम्मद पंतप्रधान असताना केंद्र सरकारच्या कचेऱ्या शहराबाहेर, दक्षिणेला सुमारे २५ किलोमीटरवर हलवण्याचे ठरले. १९९५ मध्ये बांधकाम सुरू झाले, १९९९ मध्ये पंतप्रधानांचे कार्यालय हलले आणि २००१ मध्ये पुत्रजयाला क्वालालंपूर व लाबुआन यांच्यानंतरचा तिसरा संघीय प्रदेश म्हणून दर्जा मिळाला. राजधानी मात्र आजही क्वालालंपूरच आहे. संसद आणि राजवाडा तेथेच राहिले, संरक्षण मंत्रालयही तेथेच आहे. बाकीच्या बहुतेक मंत्रालयांचा कारभार पुत्रजयातून चालतो.

जागा मोकळी होती असे सर्रास लिहिले जाते, ते अर्धेच खरे आहे. येथे पूर्वी प्रांग बसार नावाचा रबराचा मळा होता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो १९२१ मध्ये सुरू केला आणि नावही तेच दिले. मलय भाषेत त्या शब्दांचा अर्थ ‘मोठे युद्ध’ असा होतो. रबराच्या लागवडीतील जाणकारांना ‘पीबी ८६’ हा वाण माहीत असतो. त्यातील ‘पीबी’ म्हणजे हेच प्रांग बसार, आणि तो वाण केरळातील मळ्यांपर्यंत पोहोचला. मळ्यांवर राबणारी कुटुंबे प्रामुख्याने तमिळ होती आणि शहर उभे राहताना त्यांना जवळच्या डेंगकिल येथील इमारतींत हलवण्यात आले. शहरात फिरताना याची कोणतीही खूण मला दिसली नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवत आहे.

मराठी माणसाला पुत्रजयात एक आनंद फुकट मिळतो, तो पाट्या वाचण्याचा. शहराचे नाव मलेशियाचे पहिले पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान पुत्र यांच्या नावावरून आले आहे आणि ‘जया’ म्हणजे आपला जय. मुख्य हमरस्त्याचे नाव ‘परसियारान परदाना’ आहे. यातील ‘परदाना’ म्हणजे आपला ‘प्रधान’, आणि पंतप्रधानांना तेथे ‘परदाना मंतरी’ म्हणतात, हे कळल्यावर माझ्या पत्नीने हसून टॅक्सीचालकाला तो शब्द आपल्या पद्धतीने म्हणून दाखवला. पुलांच्या नावांतील ‘सरी’ म्हणजे ‘श्री’. परराष्ट्र मंत्रालयाला ‘विस्मा पुत्र’ म्हणतात आणि त्यातील ‘विस्मा’ संस्कृतातील ‘वेश्म’ म्हणजे घर या शब्दावरून आला आहे. न्यायालयाच्या इमारतीचे नाव ‘इस्ताना कहाकिमान’ आहे. ‘इस्ताना’ हे ‘आस्थान’चे रूप, ‘हाकिम’ हा अरबी शब्द, जो तेथे न्यायाधीशाला लागतो. आपल्या वडिलांना अशा गोष्टींची आवड असेल तर हातात एक वही द्यावी. मी स्वतः परतीच्या गाडीत अशा शब्दांची यादी करीत बसलो होतो.

आता त्या चुकांविषयी. २००९ मध्ये आम्ही एका रविवारी सकाळी अकराला पोहोचलो. हातातील नकाशावर सारे काही एका सरळ रेषेत दिसत होते. एका टोकाला पंतप्रधानांचे कार्यालय आणि त्याच्यासमोरचा गोल चौक, दुसऱ्या टोकाला टेकडीवरील अधिवेशन केंद्र, मध्ये परसियारान परदाना. चालत जाऊ, असे मी म्हणालो. तो रस्ता ४.२ किलोमीटर लांबीचा आहे, आणि विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर भर दुपारी ४.२ किलोमीटर म्हणजे काय, याचा अंदाज मला नव्हता. पदपथ उत्तम, दिव्यांचे खांब तर पाहत राहावे असे नक्षीदार, परंतु वाटेत टपरी नाही, पाण्याची सोय नाही, बसायला सावलीही बेताचीच. मंत्रालयांच्या इमारती एकामागून एक येत राहतात आणि सुट्टीमुळे त्यांची दारे बंद. अर्ध्या वाटेवर पत्नीला भोवळ आली. एका फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने तिला आपल्या खुर्चीवर बसवले, पाण्याची बाटली दिली आणि माझ्याकडे पाहून फक्त ‘वॉकिंग?’ एवढेच विचारले. त्या एका शब्दात त्याने सगळे बोलून घेतले. आई-वडिलांना घेऊन जाताना या शहरात दोन ठिकाणांमधील अंतर नकाशावरून ठरवू नये. प्रत्येक टप्प्यासाठी ग्रॅब या मोबाइलवरील टॅक्सीसेवेवरून गाडी बोलवावी. पुरेशा गाड्या असतात आणि तिघाचौघांत खर्च फारसा जाणवत नाही.

पाहायचे काय, तर सुरुवात दातारान पुत्र या गोल चौकापासून करावी, कारण तेथे मोजक्या पावलांत शहराची मुख्य दृश्ये एकत्र येतात. एका बाजूला हिरव्या घुमटाचे पंतप्रधान कार्यालय, शेजारी पाण्याच्या कडेला गुलाबी ग्रॅनाइटची पुत्र मशीद, आणि पुढे सरोवर. मशीद १९९९ मध्ये पूर्ण झाली आणि तिचा मिनार ११६ मीटर उंच आहे, पण माझ्या लक्षात राहिला तो घुमटाच्या आतील रंग. बाहेर उन्हात तो फिकट गुलाबी दिसतो, आत मान वर केली की त्याच रंगाच्या नक्षीची वर्तुळे लहान होत होत शिखराशी जाऊन मिळतात, आणि उघड्या डोळ्यांना काही क्षण घुमट सपाट असल्यासारखा भास होतो. नमाजाच्या वेळा सोडून इतर धर्मीयांना प्रवेश असतो. पोशाख अपुरा वाटल्यास, आणि स्त्रियांना तर बहुधा हमखास, डोके झाकणारा मरून रंगाचा पायघोळ झगा दारातच दिला जातो. शुक्रवारी मात्र दुपारी उशिरापर्यंत थांबावे लागते, त्यामुळे तो दिवस टाळलेला बरा.

मशिदीपाशी असलेल्या धक्क्यावरून सरोवरात नौकाविहार करता येतो. साधारण पाऊण तासाची ही फेरी ज्येष्ठांसाठी या संपूर्ण भेटीतील सर्वांत सुखाची गोष्ट ठरेल, असे मला वाटते, कारण बसल्या जागी शहर आपल्यासमोरून जाते आणि पूल जसे पाहायला हवेत तसे, म्हणजे पाण्यावरून, दिसतात. ४३५ मीटर लांबीचा पुत्र पूल इराणमधील इस्फहान शहराच्या ख्वाजू पुलावरून प्रेरणा घेऊन बांधला आहे. सरी वावासान पूल तिरक्या खांबाला ताणलेल्या दोरांमुळे शिडाच्या गलबतासारखा भासतो. एकूण पाहता वास्तुरचनेत इराण, बगदाद, मोरोक्को, मोगल अशा साऱ्यांची आठवण आहे आणि मलय घरांची त्या मानाने कमी, ही माझी तक्रार आहे. शहरातील दुसरी मशीद, पोलादी जाळीची, मला त्यामुळेच अधिक आवडली. ती २००९ मध्ये पूर्ण झाली, न्यायालयाच्या समोर उभी आहे, लोक तिला सरळ ‘मस्जिद बसी’ म्हणजे लोखंडी मशीद म्हणतात, आणि भिंतींऐवजी जाळी असल्याने वारा आरपार वाहतो.

ज्या सरोवरातून नौका जाते ते नैसर्गिक नाही. चुआऊ नदी अडवून ते तयार केले आहे, आणि तेथे येणारे पाणी आधी १९७ हेक्टरच्या दलदलीतून, २४ वाफ्यांमधून संथपणे उतरत येते. वाफ्यांत लावलेल्या पाणवनस्पती गाळ आणि खतांचे अंश धरून ठेवतात. इमारती उठण्याबरोबरच, १९९८ पर्यंत, ही व्यवस्था तयार होती. माझी सारी नोकरी नवी मुंबईत नगररचनेशी संबंधित कामात गेली, म्हणून माझे लक्ष घुमटांपेक्षा अशा गोष्टींकडे अधिक गेले असेल. मुख्य रस्त्याखाली वाहिन्यांसाठी सामाईक बोगदा आहे, कचेऱ्यांना थंड पाणी मध्यवर्ती केंद्रातून नळाने पुरवले जाते, आणि डोक्यावर एकही तार दिसत नाही. दर पावसाळ्याआधी खणला जाणारा रस्ता पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याचे अप्रूप वाटणारच.

राहता राहिला आपला मूळ प्रश्न, की हे शहर निर्जीव आहे का. आराखड्यात तीन लाखांहून अधिक वस्ती धरली होती आणि २०२० च्या जनगणनेत ती सुमारे १ लाख ९ हजार भरली, त्यामुळे रस्ते माणसांच्या मानाने फार रुंद वाटतात हे खरे. परंतु पुत्रजया हे कचेरीचे गाव आहे आणि कचेरीचे गाव कचेरीच्या वेळेतच पाहावे. दुसऱ्या खेपेस आम्ही गुरुवारी गेलो. गुरुवारी सरकारी कर्मचारी बाटिकचे कपडे घालतात, त्यामुळे संध्याकाळी पाचनंतर मंत्रालयांच्या दारांतून जांभळ्या, हळदी, मोरपंखी फुलांची रांगच बाहेर पडू लागली. गळ्यात ओळखपत्रे, हातात डबे, आणि मोटारसायकलवाले जाकीट उलटे, म्हणजे छातीवर पाठ येईल असे, घालून निघालेले. वाऱ्यापासून बचाव होतो म्हणून तेथे ती सर्रास पद्धत आहे. २००९ मध्ये याच रस्त्यावर आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हते.

नवी मुंबईची आठवण येणे अपरिहार्य होते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याचा प्रस्ताव मांडला, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि राज्य सरकारचा कारभार तेथे हलेल अशी अपेक्षा होती. मंत्रालय नरिमन पॉइंटलाच राहिले. नवी मुंबईत मग माणसे, बाजार, कारखाने, शाळा असे सारे आपापल्या पायांनी आले. पुत्रजयात आधी सरकार आले आणि माणसे त्याच्या मागून आली. कोणते बरे, हे मी ठरवू शकलेलो नाही. रात्री नऊनंतर पुत्रजयात चहा मिळवण्यासाठी जी शोधाशोध करावी लागली, तीत बेलापूर-वाशीचे पदपथ मला अतिशय प्रिय वाटले, एवढे कबूल करतो.

जाण्याची सोय आता दुहेरी आहे. क्वालालंपूरच्या केएल सेंट्रल या मुख्य स्थानकावरून ‘केएलआयए ट्रान्झिट’ गाडी सुमारे वीस मिनिटांत पुत्रजयाला पोहोचवते. त्याच फलाटांच्या आसपासची ‘केएलआयए एक्सप्रेस’ मध्ये कोठेही न थांबता थेट विमानतळावर जाते, तेव्हा तिकीट काढताना नाव नीट पाहावे. मार्च २०२३ पासून मेट्रोची पुत्रजया मार्गिकाही तेथपर्यंत येते. ती स्वस्त आहे, पण थांबे पुष्कळ असल्याने वेळ बराच लागतो. दोन्ही गाड्या पुत्रजया सेंट्रल स्थानकात येतात आणि तेथून चौक चालण्याच्या अंतरावर नाही. शहरासाठी मोनोरेलही योजली होती. तिचे काम २००४ मध्ये थांबले, आणि तिच्यासाठी बांधलेला झुलता पूल सरोवरावर आजही तसाच, एकही गाडी न पाहिलेला, उभा आहे. नौकेतून तो दिसला तर ओळखावा.

आई-वडील शाकाहारी असतील तर जेवण आधीच उरकावे. पुत्रजयाची वस्ती जवळजवळ सर्व मलय असल्याने चौकाखालच्या उपाहारगृहांत रुचकर पदार्थ मिळतात, परंतु साध्या दिसणाऱ्या भाजीत किंवा चटणीत सुकट वा सुके मासे कुटून घातलेले असतात आणि विचारल्यावर ‘मांस नाही’ असे प्रामाणिकपणे सांगितले जाते, कारण सुकटीला कोणी मांस मानत नाही. केएल सेंट्रलला लागूनच ब्रिकफील्ड्सची भारतीय वस्ती आहे. तेथे केळीच्या पानावर दुपारचे जेवण घ्यावे, अडीचच्या सुमारास गाडी धरावी, आधी मशीद पाहावी, पाचनंतर नौकेत बसावे. सूर्यास्त तेथे सव्वासातच्या सुमारास होतो आणि त्यानंतर पुलांवरचे दिवे लागतात. ते पाहून साडेआठपर्यंत परतीच्या गाडीत बसता येते. छत्री सोबत असू द्यावी, कारण दुपारनंतरचा पाऊस सांगून येत नाही.