कोडिंग जमत नाही, मग सायबर सिक्युरिटीत माझं काय?

सोलापुरातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या ईडीपी (म्हणजे संगणक) विभागात काम करणारी 23 वर्षांची मुलगी वडिलांना घेऊन समुपदेशनाला आली. बीसीए झालेली, वर एथिकल हॅकिंगचा सर्टिफिकेट कोर्स. वर्षभर पेनिट्रेशन टेस्टरच्या, म्हणजे परवानगीने यंत्रणेत शिरून तिच्या त्रुटी शोधणाऱ्याच्या, जागांसाठी अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. "एक्सप्लॉइट लिहायला जमंना झालंय मॅडम. फी पाण्यात गेली म्हणायची." (एक्सप्लॉइट म्हणजे त्रुटीचा फायदा घेऊन आत शिरणारा कोड.) वडिलांची काळजी निराळी: "ह्या हॅकिंगपायी पोरगी पोलिसांच्या भानगडीत नाही ना पडणार?"

वडिलांचा प्रश्न आधी घेतला, कारण तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. बायोडेटात लिहायला काहीतरी हवं म्हणून ती आपल्याच बँकेच्या वेबसाइटवर स्कॅनर, म्हणजे त्रुटी शोधणारं सॉफ्टवेअर, चालवायच्या बेतात होती. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरलं तर आयटी कायदा 2000 च्या कलम 43 नुसार भरपाई द्यावी लागते. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम 66 नुसार 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोकरीला असलेल्या माणसाची नोकरी जाते ती वेगळीच. सराव करायचा तो घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा वेगळा, आभासी संगणक) टाकून, नाहीतर लेखी परवानगी हातात असताना.

मग तिला तीन संध्याकाळींचं काम दिलं. आवड विचारली की सगळेच "हॅकिंग" म्हणतात, त्यावरून काही कळत नाही.

पहिल्या दिवशी विंडोजच्या लॉगमधल्या, म्हणजे संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदींमधल्या, 200 ओळी. एका यूजर खात्यावर पाच मिनिटांत 40 वेळा 4625 हा नोंदीचा क्रमांक, म्हणजे फसलेलं लॉगिन. बहुतेक मुलं तेवढंच लिहून मोकळी होतात. खरी गोष्ट त्याखाली असते: त्याच खात्याचं एक 4624, म्हणजे लॉगिन जमलं, आणि लॉगऑन टाइप 10, म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून, दुसऱ्या संगणकावरून. हे तिला दिसलं. दुसऱ्या दिवशी ज्यूस शॉप, सरावासाठी मुद्दाम भोकं ठेवलेलं दुकानाचं वेब अ‍ॅप. तासाभरात कंटाळली. दोन तास काहीच हाती लागलं नाही तरी जो उठत नाही, त्याने टेस्टिंगमध्ये जावं. तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न: कर्मचारी नोकरी सोडून गेला, त्याचं खातं बंद झालं याचा पुरावा काय मागशील? "पॉलिसी आहे असं सांगितलं" हे उत्तर नापास. तिने चार पानं लिहिली. एचआरकडून वर्षभरात सोडून गेलेल्यांची यादी घ्यायची, चालू खात्यांची यादी सिस्टिममधून आपल्यासमोर काढून घ्यायची (कुणी एक्सेलमध्ये बनवून दिलेली नाही!), दोन्ही ताडून पाहायच्या, मग प्रत्येक खात्याच्या शेवटच्या लॉगिनची तारीख. निवृत्त क्लार्कचा यूजर आयडी चालूच राहिलेला तिने नोकरीत पाहिला होता, म्हणून हे सुचलं.

तिची जागा ऑडिट आणि कम्प्लायन्समध्ये, म्हणजे नियम पाळले जातात का हे तपासण्याच्या कामात आहे, हे तिथेच कळलं. कोड थोडा वाचता आला तरी तिथे भागतं. नेटवर्क, खात्यांचे अधिकार आणि बँकेचं रोजचं काम मात्र पक्कं कळावं लागतं. तेच तिच्याकडे होतं आणि त्यालाच ती कमी लेखत होती. रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2019 च्या परिपत्रकाने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेच्या चार पातळ्यांत बसवलं आहे. पातळी वाढली की नियंत्रणं वाढतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्यासारखी घटना तिला 6 तासांत कळवायची आणि लॉग 180 दिवस जपायचे. ही कामं रोज बघणारं माणूस लागतंच, सोलापुरातही. बाहेर जायचं तर सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिट कंपन्या आहेत. मुलाखतीसाठी पुण्याला हुतात्मा एक्सप्रेस आहेच.

लॉग वाचायला आवडत असेल तर एसओसी अ‍ॅनालिस्टचीही (बँका-कंपन्यांच्या यंत्रणांवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रातलं काम) वाट होती, पण पहिल्या पातळीवर फिरत्या शिफ्ट असतात. वडिलांनी तिथेच मान हलवली.

प्रमाणपत्रांचा क्रम चुकला की पैसा आणि वर्ष दोन्ही जातं. तिला कुणीतरी सीआयएसएसपी हे अनुभवी लोकांसाठीचं सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र सुचवलं होतं. त्याला 5 वर्षांचा अनुभव लागतो, नुसती परीक्षा पास झाली तर असोसिएट म्हणून थांबावं लागतं. ऑडिटसाठी सीसा (CISA) हे आयटी ऑडिटरचं प्रमाणपत्र: 150 प्रश्न, 4 तास, 800 पैकी 450 ला पास. अनुभव त्यालाही लागतो, पण परीक्षा आधी देता येते आणि पास झाल्यावर अर्ज करायला 5 वर्षं मिळतात. आयएसओ 27001 या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची 2022 ची आवृत्ती आधी वाचून काढायची, तिच्या परिशिष्टात 93 नियंत्रणं आहेत. त्याच मानकाचा पाच दिवसांचा लीड ऑडिटर कोर्स नंतर, जमलं तर बँकेच्या खर्चाने.

बायोडेटातली हॅकिंगच्या 14 टूल्सची (सॉफ्टवेअरची) यादी काढून टाकायला लावली. त्या जागी यूजर खात्यांच्या तपासणीचा, काल्पनिक बँकेवर बेतलेला दोन पानी नमुना अहवाल. खऱ्या बँकेची एकही ओळ त्यात नको. गोपनीय माहिती फोडणाऱ्या ऑडिटरला कोण ठेवून घेणार?

पुढच्या भेटीपर्यंत तिने मॅनेजरकडून लेखी घेऊन दर तीन महिन्यांनी खाती तपासायचं काम स्वतःकडे मागून घेतलं होतं. वडिलांनी एवढंच विचारलं, "ह्यात रात्रपाळी नाही ना?" नाही, पण मार्चअखेरीला घरी यायला उशीर होईल, असं सांगितलं.