कॅनवेल : आमदार की खासदार?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतील विद्यापीठात साम्यवाद्यांचा शोध घेणारे अल्बर्ट कॅनवेल यांना मराठीत खासदार म्हणावे की आमदार, आणि त्यांच्या समितीपुढे बोलावलेल्या प्राध्यापकांना 'आरोपी' म्हणता येईल का?

कॅनवेल यांना आमदारच म्हणावे. 'वॉशिंग्टन' या नावामुळे डोळ्यांपुढे राजधानी येते. पण स्पोकेनचे हे रिपब्लिकन पुढारी १९४६ मध्ये निवडून आले ते वायव्येकडील वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळावर, ज्याचे कामकाज ऑलिंपियात चालते. देशाच्या संसदेवर ते कधीच निवडून आले नाहीत.

'आरोपी' या शब्दाला मात्र माझा ठाम विरोध आहे. १९४७ मध्ये विधिमंडळाने नेमलेल्या आणि कॅनवेल अध्यक्ष असलेल्या या समितीच्या अधिकृत नावात 'तथ्यशोधन' होते. जुलै १९४८ मध्ये सिॲटल येथे तिने वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापकांची सुनावणी घेतली, तेव्हा त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते आणि त्यांच्या वकिलांना विरुद्ध बाजूच्या साक्षीदारांची उलटतपासणीही घेऊ दिली गेली नाही. आरोपीला बचावाचे जे हक्क असतात ते ज्यांना मिळालेच नाहीत, त्यांना आरोपी म्हटले तर न्यायालयीन खटला झाल्याचा आभास निर्माण होतो आणि मूळ अन्यायच झाकला जातो. म्हणून 'समितीने साक्षीसाठी बोलावलेले प्राध्यापक' असे लांबलचक, पण खरे लिहावे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मेल्विन रेडर न्यूयॉर्कजवळच्या गुप्त साम्यवादी शाळेत गेले होते, अशी साक्ष जॉर्ज हेविट यांनी दिली; त्या काळात रेडर वॉशिंग्टन राज्यातच होते याचे पुरावे समितीने नव्हे, तर सिॲटल टाइम्सचे बातमीदार एडविन गुथमन यांनी शोधले आणि त्याबद्दल त्यांना १९५० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. साक्ष देण्यास नकार देणाऱ्या काहींवर मात्र अवमानाचे खटले भरले गेले, आणि तेवढ्यापुरता 'आरोपी' हा शब्द योग्य ठरेल.

'समितीने तिघांना बरखास्त केले' हे वाक्य दोन्ही अंगांनी चुकते. बरखास्त होते ती सभा किंवा समिती, नोकर बडतर्फ होतो. शिवाय जानेवारी १९४९ मध्ये हर्बर्ट फिलिप्स, जोसेफ बटरवर्थ आणि राल्फ गुंडलाख यांना बडतर्फ केले ते विद्यापीठाच्या नियामक मंडळाने. आणखी तिघांच्या नोकऱ्या राहिल्या, पण त्यांना परिवीक्षेवर ठेवण्यात आले.

१९४८ च्या निवडणुकीत कॅनवेल राज्याच्या सिनेटसाठी उभे राहून पडले, तेव्हा पुढच्या घटनांत त्यांना 'माजी आमदार' लिहावे. जॉन गोल्डमार्क हे आमदार १९६२ मध्ये पक्षांतर्गत निवडणूक हरले. साम्यवादाशी आपला संबंध जोडून बदनामी केली, असा दावा त्यांनी पत्नीसह कॅनवेल आणि इतरांवर लावला. १९६४ मध्ये ज्यूरीने गोल्डमार्क दांपत्याच्या बाजूने ४०,००० डॉलरचा कौल दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने बदनामीच्या कायद्याचे निकष बदलल्यामुळे तो रद्द झाला. हा दिवाणी दावा असल्याने त्यात कॅनवेल यांच्यासाठीही 'आरोपी' नव्हे, 'प्रतिवादी' हाच शब्द वापरावा.