युवा गटाला प्रार्थना शिकवायची तर आधी 'प्रार्थनेने सुरुवात करू या' बंद करा

तुमची अडचण थोडक्यात अशी: वसईकडच्या धर्मग्रामात (कॅथलिक पॅरिशमध्ये) १३ ते १७ वयाची पंचवीसेक मुलं दर आठवड्याला जमतात. खेळाला, नाटकाला, सहलीला हौसेने येतात. पण प्रार्थना म्हटली की तीच एक मुलगी पुढे होते आणि बाकीचे खाली मान घालून मोबाइल बघतात.

त्यात मुलांचा दोष फारसा नाही. सुरुवातीची दोन मिनिटं प्रार्थनेला आणि पुढचा दीड तास 'खऱ्या' कार्यक्रमाला, असं वेळापत्रक असलं की प्रार्थना म्हणजे शाळेची घंटा, हे ती बरोबर ओळखतात. म्हणून महिन्यातल्या दोन बैठका फक्त प्रार्थनेसाठी ठेवा, ४५ मिनिटांच्या. उरलेल्या दोन बैठकांत खुशाल क्रिकेट खेळा.

वेळ ठरवताना घरांकडे बघा. रविवारी सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) लगेच ठेवलंत तर निम्मी मुलं उपाशी असतात, आणि पोटात कावळे ओरडत असताना शांतता कसली! एक तर आधी चहा-पाव द्या, नाही तर शनिवारची संध्याकाळ धरा. सुरुवात जूनमध्ये करा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे कोळीवाड्यातल्या मुलांच्या घरी पहाटेची धावपळ नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं गळणारच. तोवर सवय लागलेली असावी.

जागा हॉलची नको. स्टेज दिसलं की कोणाला तरी माइक हवासा वाटतो. चर्चमधले पुढचे बाक किंवा एखादं छोटं चॅपेल घ्या. पंचवीस जणांचे चार गट पाडा. सहा-सात जणांच्या गटात लपता येत नाही आणि भीतीही वाटत नाही. मधे एक समई किंवा मेणबत्ती ठेवा आणि तिला कंदिलाची काच लावा. खाऱ्या वाऱ्याने ज्योत तीनदा विझली की मुलं हसायला लागतात आणि बसलेली घडी मोडते. मोबाइल सायलेंट करून टोपलीत. 'बायबल मोबाइलवरच वाचू' हा मोह टाळा. उतारा मोठ्या अक्षरात छापून एक-एक कागद हातात द्या. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना देवनागरी अडखळत वाचावी लागते, आणि सगळ्यांसमोर अडखळण्यापेक्षा ती गप्प बसणं पसंत करतात. मोठ्याने वाचणाऱ्याला कागद आदल्या दिवशीच द्या.

आता शांतता. पहिल्याच दिवशी 'पाच मिनिटं शांत बसा' म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला खाडीत ढकलणं. पहिल्या बैठकीत तीस सेकंद, दुसऱ्या बैठकीत एक मिनिट, मग दीड. पाच मिनिटांपर्यंत पोहोचायला सात-आठ बैठका लागू द्या. पाय जमिनीला, पाठ टेकलेली, हात मोकळे. मन भटकणार हे आधीच सांगून टाका आणि परत यायला एक लहान वाक्य द्या: 'प्रभू येशू, माझ्यावर दया कर.' मंदिरात मागे उभ्या राहिलेल्या जकातदाराच्या प्रार्थनेच्या (लूक १८) ते जवळचं आहे आणि एका श्वासात बसतं. मन वीस वेळा भटकलं तर वीस वेळा परत यायचं. तीच प्रार्थना, हे मुलांना नीट समजावा. नाही तर 'मला जमत नाही' म्हणून ती कायमची सोडतात.

पहिला उतारा म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय, ओवी (वचनं) १ ते १४ घ्या: पुन्हा उठलेला येशू पहाटे किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या शिष्यांना भेटतो, तो प्रसंग. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना याहून चांगला उतारा मिळणार नाही. रात्रभर जाळं टाकून हाती काही नाही, ही गोष्ट बंदरावरच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. पहिलं वाचन नुसतं ऐकायचं. दुसऱ्या वाचनात ज्याला जो शब्द टोचला तो त्याने फक्त उच्चारायचा. का, ते सांगायचं नाही. मग डोळे मिटून त्या किनाऱ्यावर उभं राहायचं: पहाट किती उजाडली आहे? वास कशाचा येतो? होडी किनाऱ्यापासून दोनशे हातांवर आहे, म्हणजे सुमारे नव्वद मीटर. येशूला ओळखल्यावर पेत्र हा शिष्य पाण्यात उडी मारण्याआधी अंगात कपडा चढवतो, इथे मुलं हसतील. हसू द्या, ती गोष्टीत शिरली आहेत. काठावर कोळशांचा विस्तव आहे. योहानाच्या शुभवर्तमानात असा विस्तव याआधी एकदाच येतो, अठराव्या अध्यायात, जिथे शेकत उभा राहून पेत्राने येशूला नाकारलं. हे दोन वाक्यांत सांगा आणि गप्प राहा. विस्तवावर मासळी आधीच आहे, तरी येशू म्हणतो, तुम्ही पकडलेल्यातलीही आणा. जाळ्यात १५३ मासे. प्रश्न एकच ठेवा: 'आज तुझ्या जाळ्यात काय आहे, ते त्याच्याकडे घेऊन जाशील?' उत्तर मोठ्याने द्यायचं नाही. मुलांनी त्याला मनातल्या मनात सांगायचं, दोन मिनिटं.

चुकतं ते इथेच. ॲनिमेटरला, म्हणजे गट चालवणाऱ्याला, राहवत नाही आणि तो १५३ या आकड्याचा अर्थ सांगायला लागतो. धर्मशिक्षणाचा तास वेगळा आहे, तिथे सांगा.

मोठ्याने प्रार्थना करायला गोलात एकेकाची पाळी लावू नका. पाळी लागली की प्रत्येक जण आपलं वाक्य जुळवत बसतो, शेजारच्याचं ऐकत नाही. किनाऱ्यावरचा एखादा शिंपला फिरवा. ज्याच्या हातात असेल त्याने बोलावं किंवा गप्प पुढे द्यावा. वाक्याचं टोक तुम्ही द्या: 'प्रभू, आज मला... साठी तुझे आभार मानायचे आहेत.' आणि घरची बोली चालू द्या. कादोडी, वाडवळी, कोळी, जी आजीशी बोलतात ती. देवाशी बोलायला पुस्तकी मराठी लागते या समजाने कितीतरी मुलं मुकी राहतात. गोव्यात राहिलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्ताची कथा छापली ती मराठी लोकांच्या ओवीत, हे या मुलांना जरूर सांगा.

विश्वासूंच्या प्रार्थना (मिस्सात लोकांच्या वतीने केली जाणारी मागणी) लिहायला द्या, हा उत्तम सराव आहे. क्रम ठरलेला असतो: ख्रिस्तसभा, राज्यकर्ते आणि जग, दुःखात असलेले, आपला धर्मग्राम. एक प्रार्थना वीस-पंचवीस शब्दांची. पहिल्या खेपेला हमखास असं काही येतं: 'जी मुलं उशिरा येतात त्यांना सुबुद्धी दे.' देवाच्या नावाने मित्राला मारलेला टोमणा आहे हा! रागावू नका, 'हे देवाला सांगतोयस की त्याला?' एवढंच विचारा.

जपमाळेचं वेगळं दुखणं आहे. पूर्ण जपमाळेला वीसेक मिनिटं लागतात आणि घरी ती झोपेला टेकलेल्या वेळी धावत म्हटली जाते. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. गटात एकच दशक घ्या, दहा मणी, पण सावकाश. 'नमो मरिया'च्या पहिल्या अर्ध्याच्या शेवटी येशूचं नाव येतं, तिथे एक श्वास थांबायचं. काही देशांत त्या नावाला त्या दशकाच्या रहस्याशी, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या ज्या प्रसंगावर मनन चालू आहे त्याच्याशी, जुळणारं छोटं वाक्य जोडतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये प्रकाशाची रहस्यं (असे पाच नवे प्रसंग) सुचवली, त्याच पत्रात या प्रथेचं कौतुक केलं आहे. दशकाची वाक्यं मुलांकडूनच लिहून घ्या.

घरी करायला फक्त इग्नाशियन आत्मपरीक्षण (संत इग्नाशियसने शिकवलेलं) द्या: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा एक ठराव. पाच मिनिटं पुरतात, विरार लोकलमध्ये उभ्या-उभ्याही होतं. आभाराची पायरी कधी गाळू नका. ती गाळली की हळव्या मुलांची उजळणी म्हणजे पापांची यादी होते आणि ती रात्री झोपत नाहीत. असं मूल दिसलं तर त्याला धर्मगुरूंशी बोलायला सांगा.

परीक्षेच्या तोंडावर सौदे सुरू होतात: पास झालो तर माहीमच्या चर्चला नऊ बुधवार जाईन. हसण्यावारी नेऊ नका, घरातली मोठी माणसंही हेच करतात. मागणं चूक नाही. पकडलं जाण्याआधी गेथशेमनेच्या बागेत येशूनेही मागितलं. पण तो 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे थांबला. दोन्ही अर्धी शिकवा. फक्त दुसरं अर्ध शिकवलंत तर मुलं मागायचंच सोडून देतात.

साक्रामेंताची आराधना (पवित्र भाकरीसमोर बसून केलेली प्रार्थना) वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका आणि कीबोर्डवाल्याला आवरा. शिबिरातल्या रात्री गिटार, अंधार, रडारड होते, पंधरा दिवसांत सगळं ओसरतं आणि मुलांना वाटतं देव गेला. शिबिराला निघण्याआधीच हे त्यांना सांगून ठेवा, आणि परतल्यावरची पहिली बैठक मुद्दाम साधी ठेवा: एक मेणबत्ती, एक उतारा, गाणं नाही.

एक गोष्ट ठाम पाळा. गटात कायम दोन प्रौढ, बंद खोलीत एका मुलाशी एकटं कोणी बसायचं नाही. इथलं बोलणं म्हणजे धर्मगुरूंकडचं गुप्त पापनिवेदन नव्हे, हे पहिल्या दिवशीच सांगा. प्रार्थनेत कोणी घरच्या मारहाणीचं किंवा जीव नकोसा झाल्याचं बोललं तर ते पोटात ठेवायचं नाही. त्याच दिवशी धर्मगुरूंना कळवायचं, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर मुलांना पाठ असू द्या.

नवव्या-दहाव्या बैठकीला दोन मुलांकडे सूत्रं द्या. नेहमीच्या त्या मुलीला मुद्दाम वगळा, तिला वाचन द्या. दोघांच्या हातात अर्ध्या पानाची चिठ्ठी: उतारा, एक प्रश्न, शांततेची मिनिटं. तुम्ही मागच्या बाकावर बसा. ती पाच मिनिटांच्या जागी दोनच मिनिटं शांतता ठेवतील, कारण पुढे उभं असताना दोन मिनिटंही फार वाटतात. मधे बोलू नका; पुढच्या वेळी त्यांना हातावर घड्याळ बांधायला द्या.