कामगार संबंधांवरच्या संशोधनाचा प्रभाव मोजायचा कसा?

गूगल स्कॉलर या संशोधन शोधायच्या साइटवरचा सायटेशनचा आकडा, म्हणजे इतरांनी किती वेळा संदर्भ दिला तो, पुरेसा आहे का, असं तुम्ही विचारलंय. सुरुवातीला ठीक, पण तिथे थांबू नका.

बेस्ली आणि बर्जेस या अर्थतज्ज्ञांचा २००४ चा निबंध घ्या. औद्योगिक विवाद कायद्यातल्या राज्यवार दुरुस्त्या पाहून त्यांनी राज्यांवर कामगारधार्जिणं किंवा मालकधार्जिणं असे शिक्के मारले. महाराष्ट्र कामगारधार्जिण्यांत, आणि गंमत म्हणजे गुजरातही! या विषयावर लिहिणाऱ्याला तो निबंध टाळता येत नाही. पण संदर्भ देणाऱ्यांत वर्गीकरणच चुकलंय म्हणणारेही आहेत. अर्थतज्ज्ञ आदित्य भट्टाचार्जी यांची २००६ मधली टीका त्यातलीच. मोजणीत मात्र वाहवा आणि वाभाडे, दोन्हींना एकच गुण. म्हणून निदान वीसेक संदर्भ उघडून बघा. पद्धत कोणी वापरली, कोणी खोडली, कोणी नुसतं नाव घेतलं?

एच-इंडेक्स, म्हणजे संशोधकाच्या किती निबंधांना प्रत्येकी निदान तितकेच संदर्भ मिळालेत तो आकडा, २००५ मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. त्यावरून कामगार इतिहासकाराची अर्थतज्ज्ञाशी तुलना करू नका. इतिहासकार दहा वर्षं खपून एक पुस्तक लिहितो, आणि असे संदर्भ मोजणाऱ्या स्कोपससारख्या यादीत भर नियतकालिकांवर असतो. मराठीतलं लेखन तर तिथे जवळपास दिसतच नाही.

त्या संशोधनाचा उल्लेख कुठे आलाय का, हे बघायला न्यायालयाचे निकाल, संसदीय समित्यांचे अहवालही चाळा. वेळखाऊ आहे, पण मला तोच पुरावा जास्त वजनदार वाटतो.