पहिल्या नंबरची हमी देणारं सॉफ्टवेअर घेण्याआधी

तुमची मसाल्यांची वेबसाइट पाहिली, छान उभी केली आहे. पण गूगलच्या शोधात पहिल्या नंबरची हमी देणारं जे सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणताय, ते एवढ्यात घेऊ नका. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय.

अशी बरीच सॉफ्टवेअरं आतून एकच काम करतात: गूगलला साइट महत्त्वाची वाटावी म्हणून शेकडो फालतू साइटवर तुमच्या लिंका चिकटवतात. गूगलने एप्रिल २०१२मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आपल्या शोधयंत्रणेत आणला तो याच प्रकाराला आळा घालायला. नवखा असताना मीही असंच एक घेतलं होतं. दोन महिने साइट वर चढली, मग शोधात दिसेनाशीच झाली. त्या लिंका काढून घ्यायला एकेकाला मेल करत बसलो, वर्ष गेलं.

विक्रेत्याला एकच विचारा: पहिला नंबर नेमका कोणत्या शब्दांसाठी? कुणी शोधतच नाही अशा लांबलचक वाक्यावर वर येणं सोपं असतं. तिथेच फसगत होते.

सध्या एवढंच करा:

- गूगलचं सर्च कन्सोल हे साधन साइटला जोडा, फुकट आहे. लोक काय शोधत तुमच्यापर्यंत येतात ते कळतं.
- शीर्षक गिऱ्हाइकाच्या बोलीत ठेवा. 'उत्कृष्ट उत्पादने' नको, 'घरगुती कांदा-लसूण मसाला, पाव किलो' असं हवं.
- एकच शब्द पानभर वीसदा कोंबू नका.
- साइटचा पासवर्ड कुणालाही देऊ नका.

फरक दिसायला चार महिने ते वर्ष लागतं. तोवर रोज नंबर बघू नका. दर आठवड्याला एका मसाल्याचं पान नीट लिहा, स्वतः काढलेल्या फोटोसकट. पहिलं पान झालं की दाखवा, मी वाचतो.