‘बर्सर्क’ या जपानी मांगातली (चित्रकथेतली) फार्नेझे आधी माणसं जाळते आणि मग नायकाच्या, गट्सच्याच टोळीत येऊन बसते. तिला एवढ्या स्वस्तात माफी कशी मिळाली?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की धर्माच्या नावाने लोकांना सरणावर चढवणारी, बांधलेल्या कैद्यावर चाबूक ओढणारी ही पोरगी चार-पाच खंडांत गरीब गाय होते, आणि लेखक-चित्रकार केंतारो मिउराने तिच्याकडून काहीच वसूल केलं नाही. मला ते पटत नाही. वसुली भरपूर झालीये. पण ती संवादांत सापडणार नाही, तिच्या हातांकडे बघावं लागतं.

(पुढे बरंच कथानक फोडलंय, अगदी ४०व्या खंडापर्यंत. वाचायचं राहिलं असेल तर इथूनच मागे फिरा.)

आधी कबुली देतो. मलाही ती डोक्यात जायची. मी ‘बर्सर्क’मध्ये शिरलो तोच चुकीच्या दाराने, २०१६च्या अ‍ॅनिमेतून, म्हणजे मांगावरून केलेल्या अ‍ॅनिमेशन मालिकेतून. १९९७चा जुना अ‍ॅनिमे ‘ग्रहण’ नावाच्या हत्याकांडापाशीच संपतो, त्यात फार्नेझे येतच नाही. २०१६चा मात्र जवळजवळ तिच्यापासूनच सुरू होतो, आणि त्यातली कॉम्प्युटरवर केलेली माणसं अशी चालतात की कळसूत्री बाहुल्या बऱ्या. फार्नेझे तिथे म्हणजे चिलखत घातलेली एक किंचाळणारी बाई. तिसऱ्या-चौथ्या भागाला मी नाद सोडला. पुढे हॉस्टेलवरच्या एका मित्राने काळ्या पुठ्ठ्याचे ते जाडजूड डिलक्स खंड वाचायला दिले, तेव्हा कुठे कळलं की चित्रात ती फारशी किंचाळतच नाही. बहुतेक वेळा ती घाबरलेली असते.

फार्नेझे ज्यांची सेनापती आहे ते होली आयर्न चेन नाइट्स हे प्रकरण काय आहे ते नीट बघा. नाव ऐकून वाटतं धर्मयोद्ध्यांची कडवी फौज असेल. प्रत्यक्षात ही बड्या घरच्या मुलांची मिरवायची पलटण, आणि प्रथा अशी की तिच्या डोक्यावर एक कुलीन कुमारिका बसवायची. म्हणजे फार्नेझेला तलवार चालवता येते म्हणून तिला सेनापती केलेलं नाही. तिचं वँडिमियन हे त्या जगातलं गडगंज घराणं. बापाला मुलगी नकोशी झालेली, कारण लग्न ठरवलं तर हिने वाड्यालाच आग लावली. मग आधी मठ आणि मठातून थेट पलटण. नको असलेलं माणूस मोठ्या मानाच्या खुर्चीवर बसवून घराबाहेर काढायचं, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आगीचं वेड तिला लहानपणापासूनचं. भल्या मोठ्या वाड्यात एकटी वाढलेली, अंधाराला घाबरणारी मुलगी. धर्माने तिला फक्त एक सोय करून दिली. आधी आग लावली की शिक्षा व्हायची, आता त्याच कामाला पुण्य म्हणतात. तिच्या कडवेपणाचं मूळ मला इथे दिसतं. देवाशी तिचं फारसं काही देणंघेणं नाही. देव म्हणजे तिच्यासाठी खोलीत रात्रभर जळता ठेवायचा दिवा.

आता १७व्या खंडातलं ते चाबकाचं दृश्य. गट्स पकडला गेलाय. रोझीन या राक्षसिणीशी झालेल्या लढाईने आधीच अर्धमेला, वर जायबंदी. जगावर अंधार आणणाऱ्या ‘काळ्या ससाण्या’ची भविष्यवाणी या माणसाकडेच बोट दाखवते असा चर्चचा संशय, म्हणून चौकशी. ती विचारते, तो दाद देत नाही. ती चाबूक ओढते, तो उलट तिची खिल्ली उडवतो. आणि मग ती आपल्या तंबूत जाते, अंगावरचं उतरवते आणि तोच चाबूक स्वतःच्या पाठीवर ओढते. बाहेर तिचा सेवक सेर्पिको उभा, नेहमीसारखे डोळे मिटल्यागत, काही दिसलंच नाही असा. आपल्याकडे पोतराज अंगावर आसूड ओढतो तो भर रस्त्यात, हलगीच्या तालावर, चार लोकांसमोर; त्यात देवी असते, पोटही असतं. फार्नेझेच्या आसुडाला प्रेक्षक नाही. तिथे श्रद्धा किती आणि सुख किती, हे तिचं तिलाच ठाऊक नाही, आणि मिउरा ते बोलून दाखवत नाही. पान उलटताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं, एवढं खरं.

त्यानंतर गट्स तिला ओलीस धरून घोड्यावरून पळवतो आणि रात्र पडते. गट्सच्या मानेवरच्या शापित खुणेमुळे रात्री त्याच्याभोवती भुतं गोळा होतात हे तुम्हाला माहीतच आहे. फार्नेझेने जन्मभर सैतानाच्या नावाने माणसं जाळलेली असतात, आणि खरं भूत तिने त्या रात्रीपर्यंत एकदाही पाहिलेलं नसतं! कुत्री झपाटतात, घोडा झपाटतो, शेवटी तीच झपाटते. तिच्या प्रार्थनेला तिकडून काहीच उत्तर येत नाही. तिला सकाळपर्यंत जिवंत ठेवतो तो, ज्याला तिने आदल्या दिवशी फटके मारले होते.

इथे एक तक्रार मीही नोंदवतो. त्या झपाटलेल्या घोड्याचा प्रसंग मिउराने ज्या थराला नेलाय तो नेण्याची काही गरज नव्हती. भीती दाखवायला बाईच्या अंगावरच यायचं, ही त्या काळच्या ‘बर्सर्क’ची खोड आहे आणि मी तिची वकिली करणार नाही. तेवढी पानं मी आजही भराभर उलटतो.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे ते पुढे, अल्बियनच्या मनोऱ्यात. तिथे मोझ्गुस येतो, धर्मन्यायाधीश. वर्षानुवर्षं प्रार्थनेत जमिनीवर तोंड आपटून त्याचा चेहरा पाटा झालेला. हा माणूस ढोंगी नाही, ही त्यातली खरी भीषण गोष्ट. दुष्काळ, रोगराई, मनोऱ्याच्या पायथ्याशी उपाशी निर्वासितांचे तांडे, आणि वर हा मनापासून, कळवळून लोकांना चाकावर चढवतोय. (इन्क्विझिशन हा शब्द आपल्याला गोव्याच्या इतिहासातून माहीत आहे, १५६० ते १८१२, मध्ये थोडी वर्षं खंड. मिउराचं जग युरोपातल्या मध्ययुगावर बेतलेलं आहे, पण पाखंडी ठरवायची ती कागदी, शिस्तशीर पद्धत वाचताना मराठी वाचकाला अगदीच परकी वाटत नाही.) फार्नेझेला मोझ्गुसमध्ये आपण जे व्हायला निघालो होतो त्याची पुरी वाढ झालेली दिसते. शेवटी त्याला पंख फुटतात, अंग दगडासारखं होतं, तोंडातून आग निघते. ज्यांना ती आयुष्यभर शोधत होती ते सैतान तिच्याच बाजूला उभे होते.

त्या शेवटच्या रात्री मृतांचा चिखल चहूबाजूंनी चढत येतो. माणसं मशाली धरून उभी. फार्नेझे सवयीने हात जोडायला जाते आणि गट्स तिच्यावर ओरडतो, प्रार्थना करू नकोस; हात जोडलेस की हात अडकले, मग लढणार कशाने? शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील, मुद्दा हाच. लोक हे वाक्य देवाविरुद्धचं म्हणून टी-शर्टवर छापल्यासारखं फिरवतात. मला ते फार व्यावहारिक वाटतं. हात दोनच आहेत, त्यांचं काय करायचं ते ठरव, एवढंच तो सांगतोय. आणि ती पेटती मशाल धरते. गंमत बघा, आग तीच, सरणाला लावायची. आता ती समोरच्याला दूर ठेवायला, सकाळपर्यंत टिकायला.

इथून पुढे तिची वसुली सुरू होते. ती पलटण सोडते, केस कापते आणि गट्सच्या मागे येते. गट्स तिला माफ वगैरे काही करत नाही. त्याला तिच्याशी बोलायलाही वेळ नाही. त्याच्याबरोबर त्याची प्रेयसी कास्का आहे, ग्रहणात जे भोगलं त्याने मनाने लहान मूल झालेली, आणि हिवाळ्याच्या त्या प्रवासात तो तिला दोरीने बांधून नेतो, कारण नाहीतर ती निघून जाईल. एका माणसाने दिवसा चालायचं, रात्री लढायचं आणि हिला सांभाळायचं, हे जमत नाही हे त्याला कळून चुकलंय. म्हणून तो फार्नेझे, सेर्पिको आणि इसिड्रो नावाचं एक पोर यांना येऊ देतो. फार्नेझेच्या वाट्याला कास्का येते. माणसांना साखळदंड घालणाऱ्या पथकाच्या सेनापतीचं नवं काम म्हणजे एका वेड्या बाईचा हात धरून चालणं, तिला भरवणं, पळाली की शोधून आणणं.

पहिल्या वाचनात ही पानं मी ‘कधी एकदा पुढची मारामारी येतेय’ म्हणून उलटली होती. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा आमच्या घरी आजोबा तसे झाले होते. भर दुपारी चप्पल न घालता ‘मला घरी जायचंय’ म्हणत स्वतःच्याच घरातून निघायचे. दाराला वरची कडी लावली. रात्री मी त्यांच्या मनगटाला आणि माझ्या मनगटाला एकच पंचा बांधून झोपायचो. कोणी विचारलं असतं तर मी त्याला काळजीच म्हटलं असतं, पण गट्सच्या हातातली ती दोरी बघितली आणि पोटात कालवलं. फार्नेझे दोरीऐवजी हात धरते तेव्हा त्यातले कष्ट किती, हे तेव्हा कळलं. हात धरला की आपलाही एक हात जातो. भाजी चिरायची, फोन घ्यायचा, मोरीत जायचं, सगळं एका हाताने. आणि समोरच्याला त्याचं काही नसतं, तो आपल्याला ओळखतही नाही. कोणी शाबासकी देत नाही. फार्नेझेलाही देत नाहीत. तिला धड काहीच करता येत नाही, हे तिला रोज दिसतं. इसिड्रोसारखं दीडवितीचं पोरगं तिच्यापेक्षा कामाचं.

मग ती शिकायला बसते ती कोणाकडे, तर शिर्केकडे. (हो, नाव ऐकून आपल्या गावचीच वाटते, चेटकीण निघते.) वयाने कितीतरी लहान मुलगी, तीही चेटकीण, म्हणजे चार महिन्यांपूर्वी फार्नेझेने जिला विनाचौकशी सरणावर ठेवलं असतं अशी. तिच्यासमोर मांडी घालून पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची. माफी मागण्याचा याहून सरळ प्रकार मला तरी माहीत नाही, आणि संबंध प्रसंगात माफी हा शब्द येत नाही.

व्रितानिस या बंदराच्या शहरात ती बापापुढे उभी राहते, गट्सच्या टोळीला जहाज मिळावं म्हणून. त्यासाठी लग्नालाही तयार होते. ज्या गोष्टीसाठी एकदा वाडा पेटवला होता तीच. तिथल्या मेजवानीवर कुशाणांची मंतरलेली श्वापदं तुटून पडतात. या कुशाण साम्राज्याचं मराठी वाचकाला हसू येतं ते वेगळंच. सम्राट गनिष्क, म्हणजे सरळ सरळ आपला कनिष्क. त्याच्या फौजेत ‘पिशाच’ आणि ‘मकर’, आणि शत्रूकडच्या एका राक्षसाचं नाव ‘राक्षस’. सगळा पूर्वेकडचा मसाला एका पातेल्यात. असो. त्या गोंधळात घरच्यांना आणि पाहुण्यांना वाचवायला ती पुढे होते, आणि बाप पहिल्यांदा मुलीकडे नीट बघतो.

राहिला सेर्पिको. तुमचा आक्षेप इथे सगळ्यात जोरदार आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. सेर्पिको तिचा सावत्र भाऊ. लहानपणी बर्फात मरायला टेकलेल्या त्याला तिनेच उचलून घरी आणलं आणि नोकर करून ठेवलं. पुढे पाखंडी ठरवलेल्यांच्या सरणावर त्याची आई निघाली. फार्नेझेने त्यालाच आग लावायला सांगितलं, आणि त्याने लावली. ती बाई कोण होती हे फार्नेझेला माहीत नव्हतं. मिउरा ६ मे २०२१ला गेला, तोपर्यंतच्या पानांत तिला ते कळत नाही. सेर्पिको सांगत नाही. म्हणजे तिचा सगळ्यात मोठा गुन्हा तिच्या शेजारी घोड्यावर बसून चाललाय, तिच्या ताटातलं खातोय, आणि तिला पत्ता नाही. २०२२पासून मिउराचा मित्र कोउजी मोरी आणि त्याचा स्टुडिओ मालिका पुढे नेतायत. ते ही गाठ सोडवतील का, आणि मुळात सोडवावी का, यावर आमच्या मित्रमंडळींत दोन तट आहेत. मी ‘सांगू नये’ वाल्यांतला. कळल्यावर रडून मोकळं व्हायची सोय तिला का द्यायची?

तेव्हा स्वस्तात माफी मिळाली असं म्हणण्याआधी डिलक्सचा सहावा आणि सातवा खंड (मूळचे १६ ते २१) पुन्हा एकदा काढा. या वेळी चेहरे सोडून तिचे हात तेवढे बघत जा. चाबूक, जपाला जोडलेले हात, मशाल, आणि आठव्यापासून पुढे कास्काचं मनगट. मग ३९-४०व्या खंडांत ती शिर्केबरोबर कास्काच्या स्वप्नात उतरते तिथे या. कास्का शुद्धीवर येते, आणि गट्सला बघताच ग्रहण आठवून किंचाळते. त्याला मागे फिरावं लागतं. फार्नेझेला मात्र जवळ थांबता येतं.